शेत घेणारी आई

देवभीरू आई म्हटलं की डोळे मिटून प्रार्थना करणारी बाई आठवते. ख्रिस्ती शास्त्रातली आई त्याहून कष्टाची आहे. बायबलात नीतिसूत्रे नावाचं पुस्तक आहे. त्याच्या 31व्या अध्यायातली गृहिणी पहाटेआधी उठते, सूत कातते, गरिबाला हात देते. शेत पारखून विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. (आपल्या रावेरात केळीच्या बागेत राबणाऱ्या बाया पुष्कळ, सातबाऱ्यावर नाव किती जणींचं?) त्याच अध्यायात एक आई आपल्या राजा झालेल्या मुलाला मुक्यांची आणि गरिबांची बाजू घ्यायला शिकवते.

पंडिता रमाबाई अशाच. 1882 साली नवरा वारला, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून तिथल्या धर्मभगिनींशी मतभेद झाले, पण आईचा हक्क त्यांनी सोडला नाही.

पुढे दौंड तालुक्यात केडगावला शेत घेऊन त्यांनी फळझाडं लावली. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, त्यांना त्याच शेतावर आसरा मिळाला. तेच मुक्ती सदन. नुसतं जेवू घालून भागत नाही, हे रमाबाई जाणून होत्या. म्हणून मुली तिथं विणकाम, शेती, छपाई शिकल्या. मनोरमाही मोठी होऊन आईच्या कामात उतरली, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवू लागली. मला वाटतं, आईची शिकवण रुजली ती इथं.

1921 साली मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई 1922च्या एप्रिलात गेल्या. शेवटपर्यंत त्या बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या कामात होत्या. त्याच्या छपाईचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले.