खाऱ्या शेतात भात तगतो कसा, आणि कडू पाल्यात औषध येतं कुठून?



भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण खाडीकडच्या अंगाला काल्हेर, कशेळी, अंजूर, खारबाव असा पट्टा आहे. खारबावच्या तर नावातच खार आहे. या पट्ट्यात पाऊस चांगला झाला तरी भात पिकेलच याची खात्री नसते. उधाणाची भरती आली, बांध फुटला किंवा उघाडीची झडप नीट बसली नाही, की एका रात्रीत खारं पाणी शेतात शिरतं.

आज सांगायचं आहे ते या खाराबद्दल, आणि त्याच धाग्यातून औषधी वनस्पतींबद्दल. विषय शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतला आहे, पण त्याचं उत्तर आपल्याच बांधावर आहे.

आधी माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी खाडीकाठच्या एका आजींना मी राता सोडून जास्त उताऱ्याची सुधारित जात लावायला लावली. बियाणं चांगलं होतं, खतही वेळेवर पडलं. लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी उधाणाचं पाणी बांधावरून आत आलं. आठवड्यात रोपांचे शेंडे पांढरे पडून सुकले. शेजारच्या तुकड्यात राता होता. तो पिवळा पडला, पण उभा राहिला. आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सायेब, राता लावला असता तं पेज तरी मिलली असती." जात चांगली होती, पण जागा तिची नव्हती. माती न तपासता मी सल्ला दिला होता.

मीठ रोपाला करतं काय?

मीठ रोपाला तीन तऱ्हांनी मारतं.

पहिली तऱ्हा तहानेची. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. मातीतलं पाणी खारट झालं की मुळाला ते ओढून घेणं जड जातं. शेतात पाणी उभं असूनही रोप तहानेलं राहतं.

दुसरी तऱ्हा विषाची. मिठातलं सोडियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पानात साठतं. पेशीतली बरीच कामं पालाशावर चालतात. सोडियम पालाशाची जागा अडवतो, पण त्याचं काम काही करत नाही. पान टोकाकडून करपायला लागतं ते यामुळं.

तिसरी तऱ्हा आतल्या जळण्याची. पानाचं काम अडलं तरी ऊन पडतच राहतं. त्या उन्हाची शक्ती वापरली गेली नाही, तर पेशीत प्राणवायूची अतितीव्र रूपं तयार होतात. लोखंडाला गंज चढावा तशी ती पेशीचे पडदे खातात.

ही इजा सगळ्या वयात सारखी होत नाही. भाताचं बी उगवताना बऱ्यापैकी खार सोसतं. मग दोन-तीन पानांचं कोवळं रोप फार नाजूक असतं. फुटवे येताना पीक पुन्हा दणकट होतं आणि पोटरी-फुलोऱ्यात परत नाजूक होतं. फुलोऱ्यात खार लागला तर पीक वरून हिरवं दिसतं, पण लोंबीत पळिंज जास्त निघतो.

राता कसा तगतो?

आपल्याकडं काळा राता, भुरा राता ही जुनी वाणं खाजणात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. केरळात पोक्काली आणि बंगालमध्ये नोना बोक्रा ही याच तऱ्हेची भातं. अशा काटक भातांवर प्रयोगशाळांत बरंच काम झालं आहे. त्यातून कळलं ते असं.

अशा जातीची मुळं सोडियम आत घेतानाच रोखतात. जो आत येतो त्यातला बराचसा वाटेतच काढून घेतला जातो. २००५ साली चिनी शास्त्रज्ञांनी नोना बोक्रामधलं असं एक जनुक शोधून काढलं. वर जाणाऱ्या पाण्यातलं सोडियम बाजूला करणारा जणू नाक्यावरचा रखवालदारच तो. पोक्कालीतला असाच गुण फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं नव्या जातींत आणायला वापरला. एवढं करूनही वर पोचलेलं मीठ हे पीक जुन्या पानांत ढकलतं. खालची पानं वाळतात, पण कोवळी पानं आणि लोंबी वाचते. म्हणून रात्याची खालची पानं वाळलेली दिसली तर लगेच घाबरून जाऊ नका. शेंडा हिरवा आहे का, ते बघा.

रोप आणखी एक गोष्ट करतं. पेशीत पाणी धरून ठेवायला ते काही विरघळणारी द्रव्यं बनवतं. त्यातलं एक म्हणजे प्रोलिन हे अमिनो आम्ल. पण इथं एक गंमत आहे. भातात प्रोलिन वाढलं म्हणजे जात काटक, असं नाही. नाजूक जातीतही मार बसला की ते वाढतं. त्यामुळं कुणी "ही बाटली फवारा, खाराची चिंता सोडा" म्हणाला तर जपून. शेतातलं मीठ गोड्या पाण्यानं बाहेर काढावं लागतं. बाटलीनं ते जात नाही.

खाडीकाठचं तिवराचं झाड तर याहून पुढचं. त्याच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल. ते जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. भाताला ही विद्या येत नाही. पण तिवरांची रांग लाटांचा जोर मोडते आणि तुमचा बांध राखते. तिवरं तोडायला कायद्यानं बंदी आहे, आणि आपल्या पोटासाठीही ती तोडू नयेत.

रात्यात उणं काय? तो उंच वाढतो, लोळतो आणि उतारा कमी देतो. म्हणून पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं भुरा राता ४-१० आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून पनवेल-१ आणि पनवेल-२ या जाती काढल्या, पुढं पनवेल-३ आली. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. रात्याचा काटकपणा आणि बुटक्या भाताचा उतारा एका रोपात आणायचा, हा त्यामागचा विचार.

इथं एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटतं, तांदूळ लाल म्हणून तो खार सोसतो. तसं नाही. लाल रंग कोंड्यात असतो, आणि खार रोखण्याचं काम मुळात आणि खोडात होतं. हरियाणातल्या कर्नालच्या मृदा लवणता संस्थेची सी.एस.आर.-३० ही तर पांढऱ्या दाण्याची बासमती आहे, तरी ती खारवट-चोपण जमिनीत येते. रंगावरून बी निवडू नका, जात विचारून घ्या.

कडू पाल्यात औषध कुठून येतं?

पण रात्याचा तो लाल रंग अगदीच बिनकामाचा नाही. आत जे जळणं होतं म्हणून वर सांगितलं, ते थोपवणारी द्रव्यं वनस्पती बनवतात. कोंड्यातला लाल रंग त्याच जातकुळीचा आहे. आजारी माणसाला, बाळंतिणीला राता तांदळाची पेज द्यायची आपली रीत आहे. तांदूळ सडून पांढरा केला की तो रंग कोंड्याबरोबर जातो, त्यासोबत जीवनसत्त्वंही जातात. पेजेसाठी तांदूळ कमी सडा.

बंधूंनो, झाडाला पळता येत नाही. ऊन, खार, कीड, गुरं, सगळं त्याला जागच्या जागी सोसावं लागतं. म्हणून ते स्वतःच्या बचावासाठी रसायनं बनवतं. ती बहुतेक कडू, तुरट किंवा उग्र असतात. त्यांतलीच काही माणसाला औषध म्हणून लागू पडतात. झाड ती आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःच्या गरजेपुरती बनवतं. म्हणून जात, वय आणि जागा बदलली की त्यांचं प्रमाण बदलतं.

कुंपणाचा अडुळसा बघा. शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही, कारण पाल्यात वासिसिन हे कडू द्रव्य असतं. त्याच वासिसिनच्या धर्तीवर पुढं ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पण वासिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा काढा देऊ नये. घरचा पाला आहे म्हणून तो निर्धोक, असं समजू नका.

पालेकिराईत, म्हणजेच कालमेघ, घ्या. त्यातलं अँड्रोग्राफोलाइड हे कडू सत्त्व मुख्यतः पानात असतं आणि फुलं यायला लागतात तेव्हा भरात असतं. फुलोरा उलटून पानं गळाल्यावर काढणी केली तर वजन भरेल, पण कस उतरेल. पाला सावलीत पातळ पसरून वाळवावा. बुरशी आली तर माल गेलाच समजा.

सह्याद्रीतल्या नरक्याची गोष्टही ऐकून ठेवा. १९६६ साली एका चिनी झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सापडलं. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना तेच आपल्या नरक्यात मिळालं. त्यापासून पुढं कर्करोगावरची औषधं झाली. आणि मग जंगलातली नरक्याची झाडंच चोरून तोडली जाऊ लागली. हे द्रव्य मुळात विष आहे. कारखान्यात त्यात फेरफार होतो, मात्रा ठरते, तेव्हा ते औषध होतं. त्याचा काढा कुणीही करू नये आणि जंगलातलं झाड तोडू नये.

काही जण विचारतात, "साहेब, ताणानं सत्त्व वाढतं, तर औषधी पिकाला पाणीच कमी द्यावं का?" ताणानं सत्त्वाचं प्रमाण कधीकधी वाढतं, पण पाला घटतो. शेवटी हाती येणारं सत्त्व कमीच भरतं. तो धंदा करू नका.

आता काय करायचं?

१. मे महिन्यात, पावसाआधी माती तपासा. शेतात पाच-सात ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या, मिसळा आणि अर्धा किलो नमुना तालुका कृषी कार्यालयामार्फत पाठवा. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचा उतारा घटू लागतो. पुढं प्रत्येक अंकामागं तो सुमारे १२ टक्के उतरतो. म्हणजे अंक ६ असेल तर एक तृतीयांशाहून थोडं जास्तच नुकसान. अहवालात पद्धत कोणती वापरली तेही विचारा, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो.

२. बांध आणि उघाडी पावसाआधी दुरुस्त करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला झडप बघून या. हे काम एकट्याचं नाही. गावकीनं वाटून घ्या.

३. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी शेतात अडवा, एक-दोन दिवस ठेवा आणि ओहोटीला सोडून द्या. असं दोन-तीनदा केलं की मीठ धुऊन जातं. खारं पाणी शिरलं तरी हाच उपाय, फक्त उशीर नको. शेजारी भराव होत असेल तर पाण्याची वाट बुजू देऊ नका.

४. रोपवाटिका गोड्या, उंच जागी करा. थोडी रोपं जादा ठेवा. खाजणात कोवळं रोप लावू नका. चांगलं महिन्याचं, दणकट रोप एका चुडात चार-पाच लावा. जिथं रहू पद्धतीनं मोड आलेलं बी फेकता, तिथं मीठ धुऊन गेल्यावरच फेका.

५. जिप्सम अहवाल पाहून टाका. नुसत्या खारट जमिनीला आधी गोडं पाणी आणि निचरा लागतो. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीत आहे.

६. काढणीनंतर शेत उघडं तापू देऊ नका. उन्हानं खालचं खारं पाणी वर चढतं आणि मीठफुटी होते. हलकी नांगरट करा किंवा पेंढ्याचं आच्छादन द्या.

७. नवी जात सगळ्या शेतात एकदम लावू नका. दोन-चार गुंठ्यांत पनवेलची जात आणि शेजारी राता लावून पाहा. रात्याचं थोडं बी मात्र दरवर्षी राखून ठेवा.

८. औषधी पिकाची रोपं विकणारा आणि माल घेणारा एकच माणूस असेल तर भाव, वजन आणि मुदत कागदावर लिहून घ्या. बाजार बघितल्याशिवाय एकरभर लागवड करू नका.

त्या आजींच्या शेतात दुसऱ्या वर्षी आम्ही आधी माती तपासली. अर्ध्यात राता आणि अर्ध्यात पनवेलची जात लावली. त्या वर्षी बांध टिकला आणि दोन्हीकडं भात घरात आला. आजींनी रात्याचं बी मडक्यात भरून ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचा पण बरा हाय सायेब, पन ह्यो ऱ्हावंदे." ते मडकं मी अजून विसरलेलो नाही. प्रयोगशाळेत ज्या गुणांचा शोध चालतो, त्यांतले बरेच अशाच मडक्यांतून टिकून आले आहेत. ते आपल्या घरातून जाऊ देऊ नका.

मातीच्या नमुन्याबद्दल शंका असेल तर तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी कार्यालयात या. नमस्कार.