खुबा थांबत नाही, गुडघा थांबतो

पावसाळा लागला की सिल्वासात मोडलेली हाडं आणि घरोघरचा सर्दी-ताप एकदमच दवाखान्यात येतात. खानवेलकडची आजी बांधावरून घसरते, मसाटच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून निघालेला पोरगा मोटारसायकलवरून पडतो. हाड कुठे मोडलंय ते एक्स-रे सांगतो. ऑपरेशन आज करायचं की नाही, ते ठरतं भूलतज्ज्ञाच्या तपासणीत. आणि तिथे हाडापेक्षा छातीचीच चौकशी जास्त.

अशी तपासणी इथल्या एका वॉर्डात बघत उभा होतो. भूलतज्ज्ञ बाई गुजराती-मराठी मिसळून बोलत होत्या, खुबा मोडलेल्या एका वारली आजींची सून दुभाषी. ‘‘आजी, जरा जोरात खोका.’’ आजी खोकल्या. ठसका कोरडा आहे की आत कफ घरघरतोय, हे बाई मान तिरकी करून ऐकत होत्या. मग एका श्वासात आकडे मोजायचे. धडधाकट माणूस तिसापर्यंत सहज जातो. पंधराच्या आत दम तुटला तर पाठीवर पुन्हा स्टेथोस्कोप फिरतो. आजींना आकडे येत नव्हते, तेव्हा त्यांनी नातवंडांची नावं एका दमात घेतली. तीन वेळा तीच नावं!

एवढी उठाठेव कशासाठी? ताप उतरला तरी श्वासनलिका काही आठवडे हुळहुळी राहते. भुलीची नळी तिला लागली की ती आवळते आणि ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला तर नळी टळते, छातीतला कफ मात्र टळत नाही. त्यात हाडांच्या ऑपरेशनचं स्वतःचं दुखणं वेगळं. मांडीच्या हाडात रॉड घालण्यासाठी पोकळी कोरताना मज्जेतल्या चरबीचे थेंब रक्तातून फुप्फुसात जातात. निरोगी फुप्फुस ते बहुधा सोसतं. विषाणूने सुजलेल्याचा भरवसा नाही. पाय हलत नसल्याने गुठळ्यांची भीती आधीच असते, संसर्गाने ती वाढते.

हे आकड्यांत दिसलं कोविडमध्ये. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांना ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झाला होता. महिन्याभरात शेकडा जवळपास २४ दगावले, निम्म्यांना फुप्फुसाचा त्रास झाला. पुढच्या वर्षी, १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासानंतर, शक्य तिथे संसर्गानंतर सात आठवडे थांबा, असा सल्ला निघाला. लसीकरणानंतर तो बराच सैल झाला. साध्या फ्लूला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण धोक्याची वाट तीच.

मग सगळ्यांनाच थांबवायचं? गुडघा बदलायचा असेल तर जरूर थांबवा. वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा आणखी महिनाभर दुखेल. जखमेतून हाड बाहेर आलं असेल तर सर्दी असो वा नसो, धुवायला घ्यावंच लागतं. आणि म्हातारपणी मोडलेला खुबा? पडून राहिलं की कफ साचतो, न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. म्हणून खोकला असला तरी बहुतेकदा दिवस-दोन दिवसांत ऑपरेशन करणंच कमी धोक्याचं. त्या आजींचंही लांबवायचं नाही, असंच ठरलं.

तिथेच एकाची हाडातली प्लेट काढायची तारीख मात्र खोकल्यामुळे पुढे गेली. रात्रीपासून उपाशी, खाडा पडलेला, गावाहून भाऊ सोबतीला आलेला. तो चिडला, आणि मला त्याचं चुकलं असं वाटत नाही. हजेरीवर काम करणारा माणूस खोकला लपवणारच. ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी रुग्णालयाने फोनवर ‘सर्दी-ताप आहे का’ एवढं विचारलं, तर अशा कितीतरी फेऱ्या वाचतील.

ऑपरेशननंतर हाती येतं श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र. पहिल्यांदा जो तो त्यात फुंकर मारतो आणि चेंडू ढिम्म हलत नाहीत. सिस्टर पुन्हा पुन्हा सांगतात, ‘‘फुंकू नका, ओढा.’’

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर गेल्या काही आठवड्यांतला ताप, खोकला, घरातल्या पोरांची सर्दीसुद्धा न विचारता सांगा. आणि तपासणीच्या सकाळी खोकला दबावा म्हणून औषध पिऊन जाऊ नका. घेतलंच असेल तर तेही सांगा.