लिव्हर मशीनला नळजोडणी करताय? आधी कॉक बसवा

लिव्हरच्या एस्प्रेसो मशीनला कळवणसारख्या गावात कारागीर कुठून आणायचा? सरळ आरओ दुरुस्तीवाला गाठा. पाव इंची नळी, पुश कनेक्टर, फिल्टर... नळजोडणीचं बरंचसं सामान त्याच्याच पिशवीत असतं.

नळी धारदार पात्याने काटकोनात कापा. तिरकी कापली की कनेक्टरमधल्या ओ-रिंगवर नीट बसत नाही आणि टिपटिप सुरू. आत ठेपेपर्यंत ढकला, मग उलटी ओढून खात्री करा. रबरी वॉशर असलेल्या जोडाला टेफ्लॉन टेप नको, आणि पान्याने जोर लावणं तर मुळीच नको. आवळून गळती थांबते हा आपला लाडका गैरसमज. वॉशर चेपतो, जोड चिरतो.

1948 च्या गाज्जिया मशीनपासून बहुतेक लिव्हर मशीनमध्ये कॉफीवरचा दाब स्प्रिंग देते. नळाने फक्त मशीन भरलेलं ठेवायचं. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमीच, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. म्हणून बूस्टर पंप लावलात, तर दाब मशीनच्या मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटरही लावा.

खरा घात करते ती बॉयलर भरणारी सोलेनॉइड झडप. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचा कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि बॉयलर भरतच राहतो. तेव्हा आधी फिल्टर, आणि हात पोहोचेल तिथे कॉक, म्हणजे बॉल व्हॉल्व्ह. रात्री तो बंद म्हणजे बंद!

नव्या जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवा. डोळ्यांना न दिसणारा पाझर त्यावर डाग पाडतोच.