ओटीतला कापूस आणि घरकामाचे शास्त्र

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या शिवारात कापूस फुटला की बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला उतरतात. फुटलेल्या बोंडाची वाळकी टोके बोटांना ओरबाडतात आणि भरत चाललेली ओटी कंबर ओढते. संध्याकाळी कापूस काट्यावर जातो आणि किलोच्या भावाने मजुरी हाती पडते. त्यानंतर चूल, पाणी, धुणी-भांडी. ती मात्र कुठल्याच काट्यावर जात नाहीत. गृहविज्ञानाने या दुसऱ्या कामाचे मोजमाप सुरू केले. रांधणे-वाढणे शिकवणारा विषय म्हणून त्याची थट्टा होत आली असली, तरी त्याला सुधारणेची चळवळ म्हणायचे ते यासाठी.

अमेरिकेत एलेन रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी पाणी आणि अन्न तपासता तपासता स्वयंपाकघर प्रयोगशाळेच्या पंक्तीला बसवले. 1899 च्या लेक प्लॅसिड परिषदेतून त्याचा स्वतंत्र विषय झाला. आपल्याकडे धोंडो केशव कर्वे यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढले. माध्यम मातृभाषा आणि अभ्यासात गृहशास्त्र व आरोग्य. ही बाईला चुलीशीच बांधण्याची नवी तऱ्हा, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण ज्या घरांत मुलीचे शिकणेच खटकत होते, तिथे गृहशास्त्राचे नाव सांगून इतिहास आणि इंग्रजीही आत शिरले. तडजोड होती खरी. तिच्यामुळे दार उघडले. आक्षेपातला खरा भाग वेगळाच आहे: घर दोघांचे आणि शास्त्र मात्र एकटीचे, हे गृहीतक सुधारकांनीही तपासले नाही.

मराठवाड्यात हा धागा परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुढे नेला. तिथल्या गृहविज्ञानाच्या अभ्यासकांनी शेतकरी बाईचे श्रम हाच अभ्यासाचा विषय केला: कुठल्या कामात किती वाकावे लागते, दम कशाने लागतो, हात कशाने सोलतात. भेंडी तोडताना हातमोजे, वेचणीसाठी अंगावर भार नीट पेलणारी झोळी, असल्या साध्या वस्तूंचा विचार त्यातून झाला. ‘एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला?’ असे विचारणाऱ्याने एक दिवस ओटी बांधून पाहावी. अलीकडे या विषयाचे नाव ‘सामुदायिक विज्ञान’ झाले आहे. ते नाव खरे करायचे, तर कन्नड तालुक्यातल्या शाळांनी तो आठवी-नववीच्या मुलग्यांनाही शिकवावा.