मनगट जुळले, पण हाडांचे काय?

मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. साठीच्या बाईला असे झाले की प्लॅस्टर घालतात, पाच-सहा आठवड्यांनी काढतात आणि घरातले म्हणतात, "बरे झाले, हातावर निभावले." पण उभ्या उभ्या पडून हाड मोडावे, ही साधी गोष्ट नव्हे. हाडे आतून विरळ झाल्याची ती सूचना असू शकते. डॉक्टर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत यात काहीच दुखत नाही, म्हणून मनगटाची सूचना वाया जाते आणि पुढच्या खेपेला खुबा मोडतो. पाठीला आलेले पोकही आपण वयावर ढकलतो. पुष्कळदा आतले मणके दबलेले असतात.

पाळी गेल्यावर स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते आणि पुढची काही वर्षे हाडे झपाट्याने झिजतात. पुरुषही यातून सुटत नाहीत, त्यांना हे उशिरा गाठते इतकेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आपल्याकडे दावणीला म्हैस असते, दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाते आणि घरच्या लक्ष्मीच्या वाट्याला चहापुरते उरते! त्यातला पेलाभर घरात राहिला तर साधारण अडीचशे मिलिग्रॅमची सोय होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच ज्वारीत तिसाच्या आत. तेव्हा एक वेळची भाकरी नाचणीची करावी. तीळ न सडलेले घ्यावेत, कारण कॅल्शियम बरेचसे सालीत असते. शेवग्याचा पाला फुकटचा आणि उत्तम. पालकातले कॅल्शियम मात्र अंगी फारसे लागत नाही. जोडीला डाळ, उसळ, चालत असल्यास अंडे हवेच. मिश्री सोडावी, ती तंबाखूच आहे.

खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हाने कातडीत तयार होते. घरात बसून असणाऱ्या सासूबाईंना दुपारच्या आधी थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून अंगणात बसवावे.

"रानात राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला?" असे विचारले जाते. चालणे आणि ओझे उचलणे यांनी हाडे घट्ट राहतात, हे खरेच. पण मणका एकदा दबला की कमरेत वाकून भरलेला हंडा उचलणे धोक्याचे. मग भिंतीला धरून टाचा उचलाव्यात, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे. पायात बळ राहिले तर पडणे टळते. आणि मोरीतले शेवाळ आधी घासून काढावे.

औषधांचे थोडे सविस्तर सांगायला हवे. हाडांची घनता डेक्सा नावाच्या तपासणीत कळते, उणे २.५ किंवा त्याखाली आकडा आला तर हा आजार धरतात. ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच असते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नव्हे, आणि पुढे अर्धा तास आडवे होऊ नये, नाही तर अन्ननलिका सोलवटते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. ज्यांना हे जमत नाही किंवा पित्ताचा त्रास आहे, त्यांना झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाईन वर्षातून एकदा देतात. मूत्रपिंडे अधू असतील तर ही दोन्ही औषधे चालतीलच असे नाही. दात काढायचा असल्यास तेही आधी सांगावे. डेनोसुमॅबचे इंजेक्शन सहा महिन्यांनी असते. ते मनाने बंद केले तर मणके पटापट दबू शकतात, म्हणून पुढची तारीख पेरणी-काढणीच्या धांदलीतही चुकवू नये.

सांधेदुखीवर कोणी बिननावाच्या पुड्या देत असेल तर सावध राहावे. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि महिनोन्‌महिने घेतल्यास तेच हाडे पोखरते. अशा पुड्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम थांबवू नयेत. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.