भिशीच्या बायका आणि शेजारची आजी

भिशी म्हटली की घरातली पुरुषमंडळी हसतात. "झाल्या का गप्पा मारून?" म्हणतात. पण मैत्रिणींनो, बायकांच्या अशाच नेमाने भरणाऱ्या बैठकी साथीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांच्या किती कामी येतात, हे २०२० साली केरळात दिसून आले.

केरळ सरकारने १९९८ साली गरिबी हटवण्यासाठी 'कुटुंबश्री' ही योजना सुरू केली. शेजारच्या दहा ते वीस घरांतून एकेक बाई यायची, नेमाने एकत्र बसायचे, थोडी थोडी बचत करायची आणि अडीनडीला त्यातूनच कर्ज घ्यायचे. या गटाला तिकडे 'अयलकूट्टम' म्हणतात, म्हणजे शेजाऱ्यांचा मेळा.

केरळात वृद्धांची संख्याही मोठी. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरातली साडेआठ माणसे साठीच्या पुढची होती, केरळात साडेबाराच्या वर. मुले नोकरीसाठी आखातात किंवा दूरच्या शहरांत, आणि घरात दोघेच म्हातारे किंवा एकटी आजी, असे चित्र तिथे घरोघरी दिसते. (आपल्याकडे तरी वेगळे काय आहे म्हणा!)

भारतातला करोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळातच सापडला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. वृद्धांनी घराबाहेर पडू नये, घरातल्यांपासूनही जरा दूरच राहावे, असे सांगण्यात आले. सांगायला सोपे! पण एकट्या आजीची भाजी कोण आणणार? रक्तदाबाची गोळी संपली तर?

तिथल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी काही दिवसांतच हजाराहून अधिक सामूहिक स्वयंपाकघरे सुरू केली. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी चुली सांभाळल्या त्या कुटुंबश्रीच्या बायकांनी. निराधारांना जेवण फुकट, इतरांना वीस रुपयांत. घरपोच हवे तर पाच रुपये जादा. आशा कार्यकर्त्यांनी रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या घरी नेऊन दिल्या. गटांतल्या बायकांनी मास्क शिवले आणि व्हॉट्सॲपवरून खरी माहिती घरोघर पोहोचवली.

हे इतक्या झटपट कसे जमले? पैसा आणि यंत्रणा सरकारची होती, हे खरेच. पण बायकांची घडी मात्र आधीच बसलेली होती. बावीस वर्षे एकत्र बसणाऱ्या बायकांना कोणत्या घरी कोण एकटे आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोण संकोचाने मदत मागणार नाही, हे कागद बघून शोधावे लागत नाही. साथ दारात आल्यावर ओळखी करून घ्यायला वेळ कुठला?

याने सगळे निभावले असे मात्र नाही. २०२१ च्या लाटेत केरळातही खूप माणसे गेली. डबा पोट भरतो, विषाणूला अडवत नाही. आणि दारात डबा ठेवून लांबूनच परतणाऱ्या माणसाकडे बघून एकटेपणाही पुरता जात नाही. म्हाताऱ्या माणसाला पोळीभाजीइतकीच कोणीतरी चौकशी करण्याची भूक असते.

आपल्याला सरकारी योजनेची वाट पाहायला नको. पुढच्या भिशीत एक साधी वही काढा. आळीतल्या प्रत्येक वृद्धाचे नाव, चालू औषधे, डॉक्टरांचा आणि परगावच्या मुलामुलींचा फोन नंबर, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, एवढे त्यांना विचारून लिहून ठेवा. वही एकीच्याच जबाबदार हाती असू द्या, चारचौघांत नको. दोन घरांमागे एक बाई नेमा आणि तिने ठरल्या वेळी रोज फोन करावा. फोन उचलला नाही, तर लगेच दार वाजवायचे. वृद्धांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ हा नंबरही वहीच्या पहिल्या पानावर असावा. वही दर तीन महिन्यांनी तपासा, कारण औषधे बदलतात, नंबरही बदलतात.

आपल्यापैकी बहुतेकींचे आईवडील दुसऱ्या गावी असतात. त्यांच्या दाराशी आपण वेळेवर पोहोचू शकत नाही, पोहोचते ती त्यांची शेजारीण. मग आपल्या शेजारच्या आजीच्या मुलीसाठी ती शेजारीण आपणच नको का व्हायला?