विकिपीडियाची घरगुती प्रत

विकिपीडिया ज्या आज्ञावलीवर चालतो ती, म्हणजे 'मीडियाविकी', मुक्तस्रोत आहे. कोणीही ती वाचावी, सुधारावी. पण असंख्य लोक वापरत असलेल्या चालत्या यंत्रात हात कसा घालणार? म्हणून आधी आपल्या संगणकावर तिची प्रत उभी करायची. 'गिट'ने आज्ञावली उतरवून घेणे सोपे. ती चालवायला मात्र पीएचपी लागते, 'कंपोझर' आणून देतो ते पूरक भाग लागतात आणि डेटाबेस लागतो (सरावाला साध्या फाइलीत मावणारा एसक्यूलाइट पुरे). आम्ही अडखळलो पीएचपीपाशी: आवृत्ती जुनी निघाली आणि मीडियाविकी सुरूच होईना! अखेर मुखपृष्ठ दिसले, पण विकिपीडियाचा एकही लेख नाही. लेख आज्ञावलीत नसतात, डेटाबेसात असतात. आणि आपला डेटाबेस कोरा. आता खुशाल मोडतोड करावी. दुरुस्ती जमली, की बदललेल्या ओळी तेवढ्या तपासणीसाठी पाठवायच्या.